उशीपाशी किती उजेड

सोमवार, ६ जानेवारी

कार्यालयातलं घरी बोलायचं नाही, हा माझाच नियम. तो पाळून आता कंटाळा आला आहे, म्हणून ही वही. कोणी वाचेल अशी भीती नाही. हे माझ्या वस्तूंना हात लावत नाहीत. स्वतःच्याही वस्तूंना लावत नाहीत.

आमचं विज्ञानाचं त्रैमासिक. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक संपादकांची, एक माझी. निबंध आला की तो कुठल्या विषयाचा ते मी पाहते आणि त्या विषयाच्या दोन जाणकारांकडे पाठवते. हे परीक्षक. ते कोण, हे लेखकाला कळू द्यायचं नाही, आणि त्यांनाही एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा वाटलं होतं, प्रयोग करीन. आयुष्य गेलं दुसऱ्यांचे प्रयोग पाकिटात घालण्यात. तक्रार नाही. पाकिटं वेळेवर गेली.

आज आलेला निबंध कुठल्याच खणात बसेना. ज्या रस्त्यांवर नवे प्रखर दिवे लागले तिथली मुलं उशिरा झोपतात, असं एका मुलीने दाखवलं आहे. आधी ती दिव्यांचं शिकली, मग आरोग्याच्या आकडेवारीचं. सोबतच्या पत्रात लिहिते: ‘हा निबंध तीन ठिकाणांहून परत आला आहे. दिवेवाल्यांनी सांगितलं, हे डॉक्टरांचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, हे दिवेवाल्यांचं आहे. तिसऱ्यांनी काहीच सांगितलं नाही.’ रडगाणं नाही. आवडलं.

शेवटची ओळ मात्र नको होती. तिची नोकरी तात्पुरती आहे. मार्चअखेर तिच्या संस्थेची समिती बसणार, आणि तोवर एखादा निबंध स्वीकारला गेला नाही तर नोकरी जाणार. निबंधाच्या गुणदोषांशी याचा काय संबंध? ती ओळ मी परीक्षकांना पाठवली नाही.

संपादक म्हणाले, “बाई, ही बया कुठल्या खात्यात आहे हे हिचं हिला तरी माहीत आहे का? अगदीच अधांतरी.” तेच नाव पडलं. मी एक प्रत दिव्यांच्या माणसाला धाडली, एक झोपेच्या डॉक्टरीणबाईंना.

गुरुवार, २३ जानेवारी

दोघांचे अभिप्राय एकाच दिवशी आले. दोन्ही ‘छापावा’. संपादक खूश. “बघा बाई, उगाच लोक म्हणतात की दोन विषयांच्या मधलं काही छापून येत नाही.”

मला काहीतरी खटकतं आहे. काय ते सापडत नाही. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

रविवार, २६ जानेवारी

काल पुतण्याकडे जेवायला गेलो होतो. परत आलो तर घराचं दार सताड उघडं.

“मला वाटलं तुम्ही कुलूप लावलंत.”

“मला वाटलं तू लावलंस.”

“मी पुढे जिना उतरत होते. मागे कोण होतं?”

“मागे मी होतो. पण कुलूप तुझ्या पर्समध्ये होतं.”

काही गेलं नाही. चोरालाही वाटलं असावं की आत कोणीतरी आहेच. यांना हसू येत होतं. मला आलं नाही.

आज दुपारी पडल्या पडल्या लक्षात आलं. उठून पिशवीतून घरी आणलेल्या अभिप्रायांच्या प्रती काढल्या. दिवेवाले लिहितात: ‘प्रकाशाची मोजणी चोख. झोपेचा भाग माझा नाही. तो जाणकारांनी तपासला असेलच.’ डॉक्टरीणबाई लिहितात: ‘झोपेच्या नोंदी चोख. प्रकाशाचा भाग माझा नाही. तो जाणकारांनी तपासला असेलच.’

दार उघडं आहे.

सोमवार, २७ जानेवारी

संपादकांना सांगितलं, दोघांना एका खोलीत बसवून निबंध सोबत वाचायला लावायचा. ते म्हणाले, “दोघांनी हो म्हटलंय. होकार आल्यावर कोणी परत मुलगी दाखवतं का?” मी म्हटलं, आपण लग्न लावत नाही, निबंध छापतो. म्हणाले, आजवर असं कधी केलेलं नाही. तेही खरं. शेवटी म्हणाले, “करा. पण भांडण झालं तर निस्तरायला मी येणार नाही.”

मग फोन. दिवेवाले निवृत्त आहेत, गावाबाहेर राहतात. “अहो बाई, मी हो लिहून दिलंय. आता तेच हो म्हणायला दोन बस बदलून येऊ?”

“हो,” मी म्हटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वाचन झालं. संपादकांच्या खोलीत. मी कोपऱ्यात चहाच्या किटलीपाशी, तोंड बंद ठेवून. लेखिकेला अर्थातच बोलावलं नव्हतं.

पहिला तासभर नुसती एकमेकांची भाषा समजून घेण्यात गेला. दिवेवाले झोपेचे आलेख उलटे धरून बघत होते. डॉक्टरीणबाई वयाने निम्म्या, पण बोलायला मागे हटत नाहीत. त्या म्हणाल्या, “काका, हे असं. वर जागं, खाली झोपलेलं.”

“माझ्या घरी उलटं आहे,” दिवेवाले म्हणाले. “वरच्या मजल्यावरचे झोपतात, खालचे जागवतात.”

मग डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, “बरं, उजेड मोजायचं यंत्र कुठे धरतात हो?”

“नियमाप्रमाणे. रस्त्यावर, खांबापासून ठरावीक अंतरावर. तिने अगदी चोख धरलंय.”

“आणि मुलं?”

“मुलांचं काय?”

“मुलं रस्त्यावर झोपतात का?”

दिवेवाले हसले. मग हसायचे थांबले. पान मागे उलटलं, पुढे उलटलं. “उशीपाशी किती उजेड होता ते कोणी मोजलंय?”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“ते तुमचं.”

“माझं कसं? मीटर तुमचा.”

“उशी तुमची.”

रस्त्यावरचा उजेड चोख मोजला आहे. घरातली झोप चोख मोजली आहे. मधली भिंत, खिडकी, पडदा कोणीच मोजलेला नाही. मुलं उशिरा झोपतात हे खरं. पण दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून, हे तिने मानून घेतलं, आणि या दोघांनीही.

जाताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी एकटीने आणखी दहादा वाचला असता तरी हे सुचलं नसतं.” दिवेवाल्यांनी अभिप्राय परत मागितला, ‘छापावा’ खोडलं आणि खाली दोघांनी मिळून लिहिलं: उशीपाशी मोजून आणावं.

माझी शंका खरी ठरली. समाधान वाटायला हवं. रात्री जेवण गेलं नाही. दुपारच्या चहाने पित्त झालं असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलीला पत्र मंगळवारी गेलं. आज ती स्वतःच आली. लेखकांनी इथे यायचं नसतं, हे मी तिला दारातच सांगितलं. “हो,” म्हणाली, आणि खुर्चीत बसली. बाहेर अवकाळी पाऊस, अंगावर ओला रेनकोट. मी तो खुंटीला लावला, नाहीतर कागद भिजले असते.

“मोजायला दहा-बारा आठवडे लागतील,” म्हणाली. “प्रत्येक घरी परत जायचं, परत परवानगी घ्यायची. समिती मार्चअखेर.”

“माहीत आहे.”

“दोघांनीही आधी हो म्हटलं होतं का?”

“ते मला सांगता येत नाही.”

“म्हणजे म्हटलं होतं.” खिडकीकडे बघत राहिली. “मग पुन्हा कोणी उकरून काढलं?”

मी म्हटलं, “मी.”

ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, “तुम्ही गप्प बसला असता तर...”

“तर तुझी नोकरी राहिली असती आणि निबंध खोटा छापला गेला असता.”

“खोटा नाही. अर्धा.”

बरोबर आहे. अर्धा. मी माझा शब्द मागे घेतला.

जाताना सांगून गेली की नगरपालिकेच्या लोकांनी तिच्याकडे निबंधाची प्रत मागितली होती. तो छापून आला की त्या रस्त्यांवरचे दिवे मंद करायचं त्यांच्या मनात होतं. आता त्यांना थांबायला सांगते, म्हणाली. हे तिला सांगायची गरज नव्हती.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिवेवाले आज न बोलावता आले. एक लहानसा मीटर टेबलावर ठेवला. अंधुक उजेड मोजायचा. “तिच्याकडे असला नसणार. रस्त्याच्या मीटरला खोलीतला उजेड कळतच नाही. तिला द्या. कोणी दिला ते सांगू नका.”

मी म्हटलं, परीक्षकाने लेखकाला मदत करणं नियमात बसत नाही.

“मग मी विसरून गेलो असं समजा. वय झालंय.”

आणि खरोखरच विसरल्यासारखे निघून गेले. मीटर मी शिपायाच्या हाती तिच्याकडे पाठवला. चिठ्ठी जोडली: वापरून परत करावा. सही केली नाही.

सोमवार, १० मार्च

तिच्या समितीचं पत्र आलं. एका ओळीत विचारलं आहे: सदर निबंध आपण स्वीकारला आहे का?

संपादक दार लावून घेऊन म्हणाले, “बाई, स्वीकारल्याचं कळवून टाकूया. शेवटी आपण तो छापणारच आहोत, नाही का? आज ना उद्या.”

“काय छापणार ते आपल्याला माहीत नाही. मोजणी चालू आहे.”

“दोघांचा पहिला होकार फाइलला आहे. उद्या कोणी विचारलं तर तो दाखवता येईल.”

“त्यातला एक होकार खोडलेला आहे.”

ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसले. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, “तुम्ही लिहा. मी सही करीन. जे लिहाल त्यावर.” हे त्यांनी करायला नको होतं. निर्णय संपादकांचा असतो.

मी लिहिलं: निबंध स्वीकारलेला नाही. आमच्या परीक्षकांना त्यात एक उणीव आढळली. ती त्यांच्याही पहिल्या वाचनात निसटली होती. लेखिकेने कळताक्षणी नव्याने मोजणी सुरू केली आहे. या त्रैमासिकाकडे येणाऱ्या लेखकांत असं क्वचित घडतं.

शेवटचं वाक्य नियमित पत्रात नसतं. पण खरं होतं.

घरी आल्यावर हे म्हणाले, “ते पातेलं तू तिसऱ्यांदा घासते आहेस.” म्हटलं, डाग आहे. त्यांनी येऊन पाहिलं. कोरडं करून फडताळात ठेवलं. यांनी भांडं जागेवर ठेवलं, याची नोंद इथे करून ठेवते.

शुक्रवार, २८ मार्च

तिची नोकरी गेली. तिनेच फोन करून कळवलं, कार्यालयीन आवाजात. समितीत कोणीतरी म्हणालं म्हणे की पत्र प्रामाणिक आहे, पण नियमात प्रामाणिक पत्राला गुण नाहीत.

मी विचारलं, मोजणीचं काय. म्हणाली, “अर्धी घरं झाली आहेत. उरलेली सोडून देऊ?”

“नको,” मी म्हटलं.

“तेच म्हटलं.”

मी केलं ते योग्य होतं. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. आज पुन्हा पित्त. उद्यापासून दुपारचा चहा बंद.

शनिवार, २६ एप्रिल

मुलगी मीटर परत द्यायला आली, तेही सुट्टीच्या दिवशी, थेट घरी. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. यांनी दार उघडलं आणि मला हाक मारली, “अगं, तुझी अधांतरी आलीय.” तिच्या तोंडावर. हे नाव घरी मी कधी उच्चारलेलं नाही, म्हणजे ही वही वाचलेली आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, “बरोबर आहे काका, सध्या तसंच आहे.”

मग स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरले. उशीपाशी जवळजवळ अंधार. बहुतेक घरांत जाड पडदे, नाहीतर मुलं मागच्या खोलीत. दिव्याचा उजेड मुलांच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

“म्हणजे निबंध गेला,” मी म्हटलं.

“मलाही तसंच वाटलं. पण मुलं उशिरा झोपतात हे आहेच की. तो आकडा हलत नाही. मग कशाने? शेवटच्या घरातल्या आईला विचारलं, मुलगा झोपतो कधी? ती म्हणाली, अहो, आधी घरात तर येऊ दे. दिवा आहे तोवर खेळ आहे.”

“कसला खेळ?” मी विचारलं.

“बाई, ती खेळतात. नव्या दिव्यांखाली. मी प्रत्येक रस्त्यावर संध्याकाळी जाऊन बसले. जुन्या अंधुक दिव्यांच्या गल्ल्या लवकर रिकाम्या होतात. नव्या दिव्यांच्या रस्त्यांवर बॉल दिसतो, म्हणून खेळ संपत नाही. घरी जातात उशिरा, झोपतात उशिरा. दिव्यामुळेच. पण डोळ्यांतून नाही, पायांतून.”

यांनी एवढ्यात कधी इतकं लक्ष देऊन काही ऐकलं नसेल. म्हणाले, “आणि पालिका दिवे मंद करणार होती?”

“हो. माझ्या निबंधावरून.”

मग यांनी तिला जेवायला थांबवलं. ती पोटभर जेवली. मीही.

मंगळवार, ६ मे

दुसरं वाचन. आता तीन खुर्च्या. मुलांचे खेळ आणि वस्त्या यांवर काम करणाऱ्या एक प्राध्यापिका आहेत, त्यांनाही बोलावलं. संपादक मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, दर वाचनाला एक खुर्ची वाढणार असेल तर आपल्याला सभागृह घ्यावं लागेल.”

प्राध्यापिकाबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, “खेळत होती ती कोण? मुलगे की मुली?” दिवेवाले आणि डॉक्टरीणबाई एकमेकांकडे बघायला लागले. निबंधात होतं, पण तळटीपेत, बारीक अक्षरात. जुन्या दिव्यांच्या रस्त्यांवर मुली जवळजवळ नाहीत. नव्या दिव्यांच्या रस्त्यांवर निम्म्याला निम्म्या. हे वर आणायला सांगितलं. बाकी वाद झाला, पण एकमेकांना समजेल अशा भाषेत. तिघांच्या सह्या एकाच कागदावर झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नावं लपवायची काही गरज नाही, लेखिकेला सांगा आमची नावं.” दिवेवाले म्हणाले, “सांगा. मीटरचं तेवढं सांगू नका.”

स्वीकारला.

मंगळवार, १७ जून

मुद्रितं तपासली. लेखिकेच्या नावाखाली संस्थेचा पत्ता द्यावा लागतो. तिला फोन केला. ती आता दुसऱ्या गावी एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचाच पत्ता द्या म्हणाली.

संपादक म्हणाले, “बाई, आपल्या त्रैमासिकात आजवर शाळेचा पत्ता आलेला नाही. बरं दिसेल का? काम केलं तेव्हा ती संस्थेत होती, तोच देऊ.”

मी म्हटलं, उशीपाशी मोजलं तेव्हा जवळजवळ निम्मा काळ ती कुठेच नव्हती. कुठेच नाही असं छापायचं का? शाळेचा पत्ता दिला, वर्गासकट. इयत्ता सातवी. संपादकांनी वर्ग खोडला. तेवढं मी चालवून घेतलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

अंक निघून बरेच दिवस झाले. पालिकेने दिवे आहेत तसे ठेवले, असं पेपरात कोपऱ्यात वाचलं. कारण दिलेलं नव्हतं.

सोबत वाचायची पद्धत आता संपादक मंडळाने मान्य केली आहे. कुठल्याच खणात न बसणाऱ्या निबंधांचा ढीग माझ्या टेबलावर वाढतो आहे. इतके दिवस ते कुठे होते कोण जाणे.

आज त्यातला एक काढला. पुलाच्या थरथरण्यावर आणि पुलाखाली राहणाऱ्या वटवाघळांवर. पुलाचा माणूस मिळाला, वटवाघळांच्या बाई मिळाल्या. तिसरी खुर्ची रिकामी. दोघांच्या मध्ये काय राहिलं आहे ते बघणारं कोणीतरी हवं. त्या विषयाचं खातं कुठेच नाही. दिवसभर नावं काढली आणि खोडली, मग शाळेत फोन लावला. तिला वर्गातून बोलावून आणलं. मागे मुलांचा गलका.

“बाई, मला पुलातलं काही कळत नाही. वटवाघळातलंही.”

“म्हणूनच फोन केला.”

“शाळेतल्या मास्तरणीला परीक्षक कोण नेमणार?”

“परीक्षक मी नेमते.”

मग म्हणाली, “येते. पण एका अटीवर. लेखकालाही त्याच खोलीत बोलवा, पहिल्या दिवशी. माझा निबंध तुमच्याकडे जानेवारीच्या सुरुवातीला आला. मीटर कुठे धरलास, हा प्रश्न मला फेब्रुवारीच्या मध्यात कळला. कोणी पहिल्याच आठवड्यात समोर बसवून विचारलं असतं, तर मार्चअखेरपर्यंत माझी मोजणी होत आली असती.”

हिशेब मी मनात करून पाहिला. बरोबर होता.

“लेखक आणि परीक्षक यांनी भेटू नये असा नियम आहे,” मी म्हटलं.

“मग बदला.”

मी विचारलं, मोठ्यांशी असंच बोलायला शिकवतेस का मुलांना. म्हणाली, “नाही, पण ती शिकतात.” आणि तास आहे म्हणून फोन ठेवला.

संपादक घरी गेले होते. नियमांचं पान काढलं. ती ओळ आधी पेन्सिलीने खोडली. मग पेनने.